मागची सीट आधी पोचते

घाटाच्या पायथ्याला करंजतळ नावाचं गाव होतं. तिथं दौलू मिस्त्री राहत होता, त्याची बायको हौसा होती, आई अक्काबाई होती, आणि त्यांची एक गाडी होती. या गाडीची मागची सीट पुढच्या सीटच्या आधी पोचायची.

पहिल्यापासून तसं नव्हतं. गाडी छप्पन सालची, फुगीर बोनेटाची, तीन गिअरची. सपाटीला गुणी, पण चढ लागला की तिचा दम जायचा. घाटाच्या सातव्या वळणावर पाणी उकळायचं, मग चाकाला दगड लावून उभी. आणि दवाखाना तर घाटाच्या वर. हौसाची दोन बाळंतपणं त्या सातव्या वळणावरच झाली. दोन्ही लेकरांनी दवाखाना बघितला नाही, की घरचा पाळणा. दुसऱ्या वेळेला दौलूनं बोनेट उघडलं नाही की गाडीला शिवी दिली नाही. नुसता त्या दगडाकडं बघत बसला.

अकरा वर्षांनी हौसाला पुन्हा दिवस गेले. पाचव्या महिन्यात दौलूनं गाडी ठोकळ्यांवर चढवली. मोडीत निघालेल्या जीपचा पाच गिअरचा गिअरबॉक्स आणला, तिचाच मागचा ॲक्सल आणला. दोन्हींमधला दांडा लेथवर चार बोटं आखूड करून पुन्हा जोडला. इंजिन तेवढं जुनंच ठेवलं, ते त्याच्या बापाच्या हातचं होतं.

पहिली फेरी गावाबाहेरच्या देवळापर्यंत मारली. पुढं दौलू, मागं अक्काबाई नारळ घेऊन. दौलूनं दुसरा गिअर टाकला, आणि आरशात बघतो तर मागचा रस्ता गेला, देवळाचा पार आला. पारावर अक्काबाई. पाव तासानं तो पोचला तेव्हा तिचा नारळ फोडून झाला होता, खोबरं निम्मं खाऊन झालं होतं. पाराशी गाडीचा मागचा भाग दोन चाकांवर नीट उभा होता. दौलू आला तसा पुढचा भाग त्याला येऊन लागला, आवाज नाही, काही नाही.

"कुठं होतास रं?" अक्काबाई म्हणाली.

"रस्त्यात."

"मी तर कवाची आलीय. खोबरं घे."

मग दौलूनं चार दिवस फेऱ्या मारून हिशोब बसवला. पहिल्या गिअरला दोन्ही सीटा बरोबर पोचतात. दुसऱ्याला मागची पाव तास आधी, तिसऱ्याला अर्धा तास, चौथ्याला पाऊण. पाचवा त्यानं टाकून बघितला नाही. जुनं इंजिन तो पेलणार नाही, बंद पडेल, असं त्याला वाटलं. लोकांनी कारण विचारलं की तो म्हणायचा, "पुढचं छप्पन सालचं, मागचं परवाचं. नवं ते आधी पोचणारच की."

गाडीत एवढा बदल केला म्हणजे आरटीओच्या साहेबाला दाखवावी लागते. दाखवली. साहेबानं फॉर्म पुढं ओढला.

"गाडी हजर किती वाजता झाली?"

"मागची धा-पाचला, पुढची धा-इसला."

साहेबानं दोन्ही वेळा लिहिल्या. नियमांचं पुस्तक काढून सावकाश वाचलं. मग चष्मा पुसत म्हणाला, "गाडीनं आधी पोचू नये असं यात कुठं नाही. पण दोन अटी. मागच्या भागाला वेगळा हॉर्न लावा. आणि मागचा भाग एकटा पुढं पाठवायचा नाही. सोबत जबाबदार माणूस पाहिजे."

"मी हाय की," अक्काबाई म्हणाली. साहेबानं तिचा अंगठा घेतला.

हौसाचे दिवस भरले. एका सकाळी कळा सुरू झाल्या. गावच्या नर्सबाईनं पोटाला हात लावला आणि तिचा चेहरा उतरला. "बाळ आडवं आहे. दहाच्या आत वरच्या दवाखान्यात पाहिजे."

तेव्हा पावणेनऊ झाले होते. घाटाला दोन तास लागायचे.

हौसा मागं बसली, शेजारी अक्काबाई. हौसानं दौलूच्या खांद्याला हात लावला. "अवो, या खेपंला तरी तुमी माज्याजवळ पायजे होता."

"कुणीतरी पुढं बसाय पायजे, हौसे."

गाडी घाट दुसऱ्यावरच चढत होती. दुसऱ्यानं पाव तास मिळणार, म्हणजे साडेदहा. तेवढं पुरणार नव्हतं. सातव्या वळणावर दौलूनं घड्याळ बघितलं. पावणेदहा. वर जायला अजून एक तास. बोनेटमधून वाफ यायला लागली. मागची सीट पाव तास पुढं होती, तरी हौसाचा आवाज पाठीशीच आला आणि मध्येच थांबला.

"दौलू," अक्काबाई म्हणाली, "टाक."

"इंजिन बसंल, आये."

"बसू दे. आम्ही तितं नसणार."

दौलूनं पाचवा टाकला.

इंजिन एकदा घरघरलं आणि बंद पडलं. आरशात बघितलं तर दवाखान्याचं फाटक. मागचा हॉर्न वाजत होता, स्ट्रेचर धावत येत होतं, अक्काबाई लुगड्याचा काष्टा खोचून वाट मोकळी करत होती, "सरा, सरा बाजूला." आणि तेवढ्यात गाडी चालायला लागली. इंजिन बंद होतं. गाडीचा मागचा भाग घाटाच्या डोक्यावर पोचला होता, तोच पुढच्या भागाला वर ओढत होता. आठवं वळण, नववं वळण. चाकांखालचा खडासुद्धा वाजत नव्हता. दौलूनं स्टिअरिंगवरून हात जरा सैल केले. उजवीकडं खोल दरी, तिच्यावर ऊन, उन्हात घारी फिरत होत्या त्याच्या खाली. आरशात आता दवाखान्याची बंद खिडकी होती.

बाराव्या वळणावर त्याच्या पाठीमागं, हात लावावा इतक्या जवळ, बाळ रडलं.

दौलूनं मागं वळून बघितलं नाही. घाटात बघू नये. पण त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि उरलेला घाट बोडक्यानंच चढला.

तो दवाखान्यात पोचला तेव्हा पावणेअकरा झाले होते. अक्काबाई दारात उभी होती.

"आलास व्हय? लेक अर्ध्या तासाची झाली. नाक तुझं, आवाज माझा."

नोंदणीच्या कारकुनानं विचारलं, "जन्माच्या वेळी वडील हजर होते?"

"व्हय," दौलू म्हणाला. "बाराव्या वळणावर."

कारकुनानं तसं लिहिलं आणि वळणाच्या आकड्याभोवती गोल केला.

पाचव्या दिवशी ते घरी निघाले. हौसाच्या मांडीवर लेक, शेजारी अक्काबाई, पुढं दौलू. फाटकातून बाहेर पडल्यावर हौसा म्हणाली, "आमी आधी जाऊन चूल पेटवतो."

दौलूनं पहिला गिअर टाकला आणि तो बदललाच नाही. सगळा घाट पहिल्यावर उतरला. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले, एसटीवाल्यानं खिडकीतून तोंडसुख घेतलं, दौलूनं सगळ्यांना हात दाखवून पुढं जाऊ दिलं. आरशात आज दुसरं गाव नव्हतं. झोपलेली लेक होती, आणि तिच्या मागं उलगडत जाणारा रस्ता.

चार तासांनी गाडी करंजतळात आली. पुढची सीट आणि मागची सीट एकाच वेळी दारात लागली, आणि अकरा वर्षं आढ्याला बांधून ठेवलेला पाळणा दौलूनं स्वतःच्या हातानं खाली सोडला.