सुभद्रेचे हात

राख आणि काथ्यानं सुभद्रेचे हात इतके फुटले होते, की पदर सावरतानाही बोटं लुगड्यात अडकत. शेवटी एका सकाळी कोंडीराम तिला परळच्या मोठ्या इस्पितळात, कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला.

डॉक्टरांनी तिचे दोन्ही हात खिडकीच्या उजेडात धरले आणि बोटन्‌बोट पाहिलं. "भांडी कशानं घासता? घरात माणसं किती?" त्यांनी विचारलं. हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. सांगता सांगताच तिला निम्मं बरं वाटलं.

"मलम देतो. पण हात बरे होईपर्यंत त्यांना पाणी लागू द्यायचं नाही."

"अगोबाई! आणि माझी तुळस?" सुभद्रा घाबरली. तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात थेंब घ्यायचा नाही, हा तिचा नेम लग्नापासून मोडला नव्हता.

"यजमान घालतील की. तुमच्यासाठी घातलेलं पाणी तुळस काही परत नाही करणार."

"सुई नाय, लाल औषधाची बाटली नाय," बाहेर येताच कोंडीराम करवादला. "नुसते प्रश्न! हा कसला डॉक्टर?"

"देवमाणूस आहेत हो," सुभद्रा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कोंडीरामनं चहाआधी आंघोळ केली आणि गॅलरीतल्या डब्यातल्या तुळशीला पाणी घातलं. तुळशीचं चारचौघांत चालून गेलं. भांडी मात्र त्यानं दार लोटून घासायला घेतली. राखेनं बुळबुळलेला हंडा निसटला आणि असा दणका झाला, की शेजारचा राजाराम दार ढकलून आतच आला.

"अरे मेल्या! समितीबरोबर महाराष्ट्राला मुंबई मिळवून द्यायला निघालास, आणि मोरी धरून बसलास?"

राजारामनं ही बातमी हसत हसत बायकोला सांगितली, तिथं तो चुकला. "माझ्या पण हातांची आग होते हो," चंपा म्हणाली. "बोलले नाही कधी."

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांच्या बाकावर अर्धी चाळ बसली होती. प्रत्येकीनं नवरा बरोबर आणला होता.

"खाज कुठे येते?" डॉक्टरांनी चंपाला विचारलं.

"आतून येते, डॉक्टर. वरून दिसायची नाही."

डॉक्टरांनी तिचेही हात खिडकीशी नेऊन पाहिले, मग राजारामकडे पाहिलं. "पाण्यापासून थोडी विश्रांती द्या हातांना," ते म्हणाले. मलमाची डबी उघडण्याआधीच चंपाला गुण आला.

त्या दिवसापासून चाळीतली समितीची सभा भांडी झाल्याशिवाय सुरू होईना. राजाराम कोपरापर्यंत राख घेऊन येई, आणि कोंडीरामला कुणी हसत नसे.

सुभद्रा मात्र सकाळी तुळशीजवळ मांडीवर हात ठेवून बसे. कोंडीरामच्या हातातून पडणारी धार बघताना तिची बोटं आपोआप हलत. कधी एकदा आपल्या हातानं पाणी घालते, असं तिला होई.

अखेर डॉक्टरांनी हात उलटेसुलटे केले आणि हसले. "छान! उद्यापासून पाण्याला हरकत नाही."

सुभद्रेनं हात जोडले. कोंडीराम पुढे सरकला.

"साहेब, नीट बघितलंत? या बोटाच्या टोकाला लाल आहे अजून."

"ते कुंकू आहे," डॉक्टर म्हणाले.

कोंडीराम ओशाळला. "तसं नाय हो… दिवसभर कानांत गिरणीतल्या मागांचा खडखडाट. सकाळी तुळशीपुढं कान जरा निवतात. सवय लागली."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याच्या कानांचं सुभद्रेला आजच कळत होतं.

"तुळशीचं पाणी मीच घालणार," ती हळूच म्हणाली. "तुम्ही शेजारी उभे राहा. दोघांना पुरेल तुळस."

मग तिनं ते बोट स्वतःच उजेडात धरलं.

"पण हे म्हणतात ते खरं हं, डॉक्टर. लाल दिसतंय. पाणी सोसेल. राख काही सोसायची नाही."

डॉक्टरांनी बोटावरचं कुंकू पुन्हा एकदा बारकाईनं तपासलं.

"नाहीच सोसायची," ते गंभीरपणे म्हणाले.