मार्गनिष्ठा शंभर टक्के

परिचारिकांनी रुग्णाच्या घरी कोणत्या रस्त्याने जावे, याबाबत शहराच्या आरोग्य विभागाचे आजवर कोणतेही धोरण नव्हते. परिचारिका आपल्या जात, जखम धुऊन पट्टी बांधत आणि परत येत. ही अनागोंदी थांबवण्यासाठी विभागाने ॲप बनवून घेतले. फोनवर निळी रेषा उमटणार, परिचारिका तिच्यावरून चालणार आणि ती रेषेला किती चिकटून राहिली याची टक्केवारी थेट साहेबांच्या टेबलावर दिसणार. या टक्केवारीस ‘मार्गनिष्ठा’ असे नाव देण्यात आले.

रेषा काढण्याचे काम विभागातल्या एकुलत्या एका प्रोग्रामर बाईंकडे होते. नकाशावाल्यांकडून येणारा रस्ता रस्त्यासारखा दिसत नाही. अक्षरांची आणि चिन्हांची एक लांबलचक गिचमिड येते. तिच्यातला पहिला बिंदू तेवढा आपला पुरता ठावठिकाणा सांगतो. पुढचा प्रत्येक बिंदू फक्त ‘मागच्यापासून इतका उत्तरेला, इतका पूर्वेला’ एवढेच बोलतो. बाईंनी ती गिचमिड उलगडली. उद्घाटनाला साहेबांनी पडद्यावर बोट टेकवले, रेषा उमटली, टाळ्या पडल्या.

तिसऱ्याच दिवशी बाईंना एका नर्सबाईंचा फोन आला.

“ताई, तुमच्या सासऱ्यांकडेच निघालेय. पण ही रेषा मला भिंतीत घालतेय.”

सासरे निवृत्त गवंडी. पायाची जखम महिनाभर भरत नव्हती, एक दिवसाआड ड्रेसिंग करावे लागे. नर्सबाई नेहमीच्या रस्त्याने गेल्या आणि पट्टी बांधून आल्या. मार्गनिष्ठा एकतीस टक्के भरली. संध्याकाळी नोटीस हातात पडली: ‘आपण रुग्णाच्या घरी का गेलात, याचा लेखी खुलासा करावा.’

प्रोग्रामर बाईंना दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीआधीच चूक सापडली. गिचमिडीत एके ठिकाणी एक उलटी तिरपी रेघ होती. ती येताना जोडीने येते, पण मोजताना एकच मोजायची असते. ॲपने दोन मोजल्या. तिथून पुढचे सगळे आकडे एकेक जागा सरकले आणि उत्तरेचे पूर्व झाले, पूर्वेचे उत्तर.

“सर, एका ओळीची दुरुस्ती आहे. आजच करते.”

साहेबांनी चष्मा काढला. “दुरुस्ती? म्हणजे चूक होती?”

“हो सर. माझीच.”

“नुसती तुमची असती तर प्रश्नच नव्हता हो. पण रेषेच्या मंजुरीवर सही माझी आहे.”

रेषा कायम राहिली. नर्सबाई तिच्यावरून निघाल्या. भिंत चढल्या, इस्त्रीवाल्याच्या टेबलाखालून वाकून गेल्या आणि रेषेच्या टोकाशी एका केशकर्तनालयात पोचल्या. टोकाशी एका ड्रेसिंगची नोंद सक्तीची होती. न्हाव्याची तब्येत ठणठणीत. त्याने नको नको म्हणत अंगठा पुढे केला, तो बांधून झाला. मार्गनिष्ठा शंभर टक्के. साहेबांनी अभिनंदनाचा संदेश पाठवला.

इकडे आठवडाभरात गवंड्यांच्या जखमेला वास येऊ लागला. सुनेने, म्हणजे प्रोग्रामर बाईंनीच, लेखी तक्रार केली, तेव्हा विभागाने तत्परतेने परिपत्रक काढले: ‘रुग्णांनी नेमल्या वेळी रेषेच्या टोकाशी उपस्थित राहावे. अशी भेट ही गृहभेटच समजली जाईल.’

सुनेच्या खांद्यावर हात टाकून गवंडी लंगडत निघाले. वाटेत ती भिंत लागली.

“ही मी बांधलीय,” ते म्हणाले. “हिच्यात दार नाही, हे छातीठोक सांगतो.”

“बाबा, फोन म्हणतोय रस्ता आहे.”

“मग फोनला म्हणावं, आधी तू जा.”

भिंतीला वळसा घालून अर्धा किलोमीटर जायचे, तितकेच परत यायचे. अशा सहा गृहभेटींनंतर पायाची करंगळी काढावी लागली.

सुनेने करंगळी काढल्याचे कागद साहेबांच्या टेबलावर आपटले. साहेब हळहळले. एकट्याने निर्णय घेणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते, म्हणून त्यांनी प्रश्न जनतेपुढे ठेवला. शहराच्या सगळ्या सेवा ज्या ॲपवर होत्या, त्यात दुसऱ्या दिवशी एक चौकट झळकली: ‘परिचारिकांचा सध्याचा मार्ग योग्य आहे का?’ ‘होय’ हिरवे आणि तळहाताएवढे होते; दाबले की चौकट बंद. ‘नाही’ बारीक आणि करड्या रंगाचे. दाबले की अकरा रकान्यांचा फॉर्म उघडे.

दोन दिवसांत अठ्ठ्याण्णव टक्के नागरिकांनी होय म्हटले. रेषा लोकाग्रहास्तव कायम करण्यात आली.

त्या रविवारी नर्सबाई गवंड्यांच्या घरी, त्यांच्याच खाटेवर, त्यांच्या पायाला पट्टी बांधत होत्या. सुटीचा दिवस होता आणि फोन त्या मुद्दाम आपल्या घरी ठेवून आल्या होत्या. उरलेला पाय वाचला तो अशा रविवारांमुळे. विभागाकडे त्यांची नोंद नाही.

सून मतांची यादी घेऊन शेजारी बसली होती. एका ओळीवर तिचे बोट थांबले.

“बाबा, हा नंबर तुमचा. तुम्हीसुद्धा होय म्हणालात?”

गवंडी ओशाळले. “अगं, मला डॉक्टरांची वेळ घ्यायची होती. ती मेली चौकट समोरून हलेना. दाबलं काहीतरी.”

“काय लिहिलंय ते तरी वाचायचं!”

“तू वाचलंस?”

सुनेने यादी पालथी ठेवली. नर्सबाईंनी मान खाली घालून गाठ आवळली.

परवा तुमच्याही फोनवर अशीच एक चौकट आली होती. तुम्ही होय म्हणालात. कशाला, ते आठवतंय?