नऊ अंडी, तीन थर्मामीटर

स्वयंपाकघराच्या ओट्यावर थर्माकोलचा खोका होता, खोक्यात नऊ अंडी होती आणि तीन थर्मामीटर तीन आकडे सांगत होते. माणिकपूरहून आणलेला गोल काट्याचा म्हणत होता साडेसदतीस. मितेशने ऑनलाइन मागवलेला वायरवाला डिजिटल म्हणत होता साडेपस्तीस. संजनाला ऑफिसात भेट मिळालेलं घड्याळ तापमानही दाखवायचं, ते एकोणचाळीसवर होतं.

"अंडी उबवायला साडेसदतीस पायजे," बळीराम म्हणाला. "यातलं खरं कोन बोलतंय?"

"पप्पा, अ‍ॅव्हरेज काढूया," मितेश म्हणाला.

"म्हनजे दोघं खोटं बोलतायत, तर त्यांचंबी थोडं थोडं ऐकायचं?"

नायगावात खाडीच्या अंगाला बळीरामचं घर. बायको हंसा जाऊन आठ महिने झाले होते. तिच्या कोंबड्यांपैकी टिकली नावाची एकच कोंबडी उरली होती. ती खुडूक होऊन नऊ अंड्यांवर बसली आणि चौथ्या दिवशी मुंगसाने तिला नेलं. बळीरामने अंडी टॉवेलात गुंडाळून घरात आणली. शेजारच्या आग्नेलकडे कोंबड्या होत्या, पण खुडूक एकही नव्हती.

"यातून काय निघालं नाय, तर हंसाच्या कोंबड्या संपल्या," एवढंच बळीराम बोलला होता. त्याच संध्याकाळी मुलगा आणि सुनेने मासळीचा खोका धुऊन त्यात बल्ब बसवला होता. बल्ब कमीजास्त करायला रेग्युलेटर होता. प्रश्न फक्त किती कमी आणि किती जास्त, एवढाच होता.

आग्नेल बघायला आला. "हंसाबाय काय मीटर लावायची?" तो म्हणाला. "अंडं डोळ्याला लावायची. पापनीला बरोबर कळतं."

"लावून बघितलं," बळीराम म्हणाला. "मला नुसतं अंडं लागलं."

संजनाने मोबाइलवर वाचून उपाय काढला. बर्फ कुटायचा, त्यात थोडं पाणी घालायचं, थर्मामीटर बुडवायचा. शून्य दाखवलं तर तो खरा. ती फ्रिजमधला ट्रे काढायला लागली.

"त्या चार खड्यांनी काय होतंय?" असं म्हणून बळीराम पिशवी घेऊन मासळीबाजारात गेला. बर्फाचा मोठा तुकडा आणून मागच्या दारी कुटला, बादलीत भरला आणि वर दोन मुठी जाडं मीठ टाकलं. त्याच्या बापाचं आयुष्य मिठागरात गेलेलं. या घरात बर्फ आला की त्यावर मीठ पडायचंच. मासळी टिकते. आज मासळी नव्हती, पण हाताला ते कुठे ठाऊक?

वायरवाल्याने उणे सात दाखवलं.

"उणे सात! नायगावात?" बळीरामने त्याला तिथल्या तिथे कचऱ्याच्या डब्यात टाकलं. घड्याळ बुडवता येईना. गोल मीटर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बर्फात पुरला. थोड्या वेळाने बघितलं तर काटा बरोब्बर शून्यावर.

"हा सरळ मानूस," बळीराम म्हणाला आणि रेग्युलेटर त्याच्या सांगण्याप्रमाणे लावला.

तीन दिवस सगळं शांत होतं. मग दमटपणाचा प्रश्न आला. गोल मीटरचा दुसरा काटा चाळीस टक्के म्हणत होता, घड्याळ साठ. त्यालाही संजनाने परीक्षा शोधली. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ओलं करायचं आणि मीटरसोबत घट्ट डब्यात आठ तास ठेवायचं. आत पंच्याहत्तर दिसायला हवेत.

"पप्पा, जाडं मीठ संपलं?"

"बर्फात गेलं."

"कुठल्या बर्फात?"

"त्याच, शून्याच्या."

संजनाने कपाळावर हात मारला. "अहो पप्पा, मीठ घातलं की बर्फ शून्याच्या खाली जातो! वायरवाला खरं सांगत होता!"

"पन गोल मीटर शून्य दाखवत व्हता."

संजनाने गोल मीटर उचलून नीट पाहिला. शून्याच्या खाली त्यात आकडेच नव्हते. त्या दिवशी बर्फात काटा शून्यापाशी असलेल्या खिळ्याला टेकून थांबला होता.

बळीराम स्टुलावर बसला. "मग तीन दिवस अंडी शिजली का गारठली?"

ते कळायला मीटर पुन्हा तपासायला हवे होते. बर्फाचं नाव काढायची कोणाची तयारी नव्हती. संजना मोबाइलमध्ये बघत हळूच म्हणाली, "ताप बघायचा थर्मामीटर चालतो, असं लिहिलंय."

तो थर्मामीटर हंसाच्या औषधांच्या डब्यात होता. डबा कपाटावर होता. आठ महिन्यांत त्याला कोणी हात लावला नव्हता.

बळीराम उठला, त्याच स्टुलावर चढला आणि डबा काढला. आत अर्धी संपलेली गोळ्यांची पाकिटं होती, बाम होता आणि काचेचा थर्मामीटर होता. तिच्या शेवटच्या दोन महिन्यांत त्याने दिवसातून चार वेळा तो झटकला होता. आताही हात बरोबर झटकला गेला. चालतो का बघायला त्याने तो आधी स्वतःच्या तोंडात धरला.

तेवढ्यात आग्नेल आला. "ताप आला काय?"

"उं उं," बळीराम म्हणाला.

"अंड्यांसाठी," संजनाने सांगितलं.

आग्नेलने अंड्यांकडे पाहिलं, बळीरामकडे पाहिलं आणि क्रूसाची खूण केली.

थर्मामीटर चालत होता. वायरवालाही सापडला. संजनाने तो कचऱ्यातून काढून, धुऊन फ्रिज तपासायला ठेवला होता. दोघांना कोमट पाण्यात धरलं. हंसाचा म्हणाला नव्याण्णव पॉइंट पाच, म्हणजे साडेसदतीस. वायरवाला म्हणाला साडेसदतीस. गोल मीटर पिशवीतून म्हणाला साडेएकोणचाळीस.

"गारठली," बळीराम म्हणाला.

"पण शिजली नाहीत, पप्पा," मितेश म्हणाला आणि त्याने रेग्युलेटर फिरवला.

दुकानातून आणलेल्या मिठाच्या डब्यात घड्याळाने अडुसष्ट दाखवले. ते सात कमी बोलत होतं, पण सात मिळवले की काम भागत होतं.

एकविसावा दिवस आला. काही झालं नाही. बाविसावाही तसाच गेला. तेविसाव्या दिवशी सकाळी आग्नेल म्हणाला, "सोड आता, बळीराम. एखादं फुटलं तर घरात बसवनार नाय."

"पप्पा, बल्ब बंद करू का?" मितेशने विचारलं.

बळीरामने एक अंडं उचललं, डोळा मिटला आणि हंसा लावायची तसं पापणीला लावलं. बराच वेळ तो तसाच उभा राहिला.

"थंड हाय?" आग्नेलने विचारलं.

"गप."

"किती डिग्री असेल?" मितेश म्हणाला.

"डिग्री मरू दे," बळीराम म्हणाला. "आतून कोनतरी दार वाजवतंय."

संजनाने पटकन दुसरं उचललं. मितेशने तिसरं. आग्नेलने टोपी काढली आणि चौथं घेतलं. "माझं झोपलंय," तो कुरकुरला, "नाय, थांबा, थांबा..."

चौघंही एकेका डोळ्याला अंडं लावून ओट्याभोवती उभे राहिले. मीटर काय म्हणतायत, ते कोणी बघितलंच नाही.