तुळजाबाईंची कबड्डीची पोथी

तुळजाबाईंना फसवणारा माणूस परतुरात अजून जन्मायचा होता. असं त्या स्वतःच सांगत, म्हणजे खरंच असणार. भाजीवालीनं शेरात एक किडकं वांगं टाकलं तर त्यांना पिशवी उचलल्याबरोबर कळायचं. जावई खोटं हसला तर स्वयंपाकघरातून कळायचं. शाळा दुसरीपर्यंतच झालेली, पण "दुसरी नापास न्हाई, दुसरी पास," हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ठणकावून सांगत.

अशा तुळजाबाईंना त्या श्रावणात नातीच्या गादीखाली एक कादंबरी सापडली. वर चित्र होतं. एक दणकट गडी मांडीवर थाप मारून उभा, आणि त्याच्या बाजूला दोन वेण्यांची पोरगी, तीही मांडीवर थाप मारून उभी.

"ह्ये काय हाय गं?"

"कबड्डीवरची हाय आज्जी. खेळाच्या बाईंनी वाचायला दिली," शिवकन्या म्हणाली.

"कबड्डीची हाय तं पोरगा तिच्याकडं असा कामून बघून राह्यला? रेषेकडं बघायचं सोडून?"

शिवकन्या अकरावीला होती आणि कॉलेजच्या कबड्डीच्या संघात होती. संघ औरंगाबादला सामन्यांना निघाला होता, आणि पालकाच्या सहीचा कागद आठ दिवस देव्हाऱ्यामागं पडून होता. सही करायची तिच्या बापानं, बद्रीनाथनं. पण बद्रीनाथ धान्याच्या मोंढ्यात शंभर पोत्यांचा सौदा नुसती मान हलवून करणारा माणूस, घरात मात्र आईला विचारल्याशिवाय पेनाचं टोपण काढत नसे. आणि आईचं म्हणणं ठाम होतं.

"चार गावांच्या लोकांपुढं हिनं मांड्या ठोकायच्या, आन मंग आपण पावणे हुडकत फिरायचं? बिलकुल न्हाई."

शनिवारी पाचच्या आत कागद कॉलेजात द्यायचा होता. तुळजाबाईंनी कागद तर दिला नाहीच, वर कादंबरीही काढून घेतली. "आधी मी वाचते. चांगली निघाली तं ठीक, न्हाईतर बंबात."

अडचण एकच होती. तुळजाबाईंना मनातल्या मनात वाचता येत नसे. अक्षराखाली बोट आणि तोंडानं आवाज, दोन्ही असेल तरच अर्थ लागायचा. आणि आवाज असा, की त्या कुजबुजल्या तरी स्टेशनावरचा हमाल वळून बघायचा.

दुपारी सुनेच्या नजरेला पडू नये म्हणून त्यांनी कादंबरी पोथीच्या लाल फडक्यात घेतली आणि ओसरीवर बसून सुरुवात केली. आता, श्रावणात गल्लीतल्या बायांना पोथी वाचून दाखवायचा मान दरसाल तुळजाबाईंचाच. (ती त्यांना पाठ होती, पानं नुसती अंदाजानं उलटायच्या, पण ते राहू द्या.) लाल फडकं दिसलं, आवाज ऐकू आला, तशी शेजारची दुर्गाबाई वातींचा कापूस घेऊन आली. तिच्यामागं चांगुणाबाई. मग आणखी पाच जणी. सगळ्या हात जोडून बसल्या.

तुळजाबाई पहिल्या पानाच्या मधोमध होत्या. थांबावं, तर बाया विचारणार काय वाचताय म्हणून. त्यांनी देवाची मनोमन माफी मागितली, पोथीची नेहमीची चाल लावली आणि पुढं रेटलं.

"निशिकांत चढाईस गेलाऽ, दम न सोडता गेलाऽ, सात जणांनी घेरलाऽ..."

"एकल्याला सात जणांनी?" चांगुणाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "लाज न्हाई मेल्यांना."

दुर्गाबाई वात वळता वळता म्हणाली, "हा अध्याय मागल्या साली न्हवता."

"मागल्या साली धाकटी पोथी वाचली. ही थोरली हाय."

"मंग बराबर."

तुळजाबाईंना वाटलं, सुटले. पण सुरू केलेली पोथी मधेच सोडत नाहीत. सोडली तर लेकराबाळांवर येतं, हे त्यांनीच गल्लीला शिकवलेलं. मग रोज तीनच्या ठोक्याला ओसरी भरू लागली. तिसऱ्या दिवशी कुणीतरी पुस्तकापुढं सुपारी ठेवली. चौथ्या दिवशी निशिकांतचा गुडघा मोडला, तर चांगुणाबाईनं त्याच्यासाठी गुरुवार धरला. पाचव्या दिवशी रेवती, म्हणजे चित्रातली दोन वेण्यांची, त्याला बघायला दवाखान्यात गेली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तिथं तुळजाबाईंनी सहा ओळी तळहाताखाली झाकल्या आणि उडी मारून थेट पुढच्या सामन्यात उतरल्या.

"मधलं काई राह्यलं जणू," दुर्गाबाई म्हणाली.

"किडं लागलंय कागदाला."

"काल बी अशाच जागी लागल्तं. किड्याला बराबर कळतंय."

पण खरी गंमत वेगळीच होती. तुळजाबाईंना आता तीन वाजेपर्यंत दम निघत नव्हता. शेंगा फोडता फोडता त्या नातीला विचारायच्या, "बोनस म्हंजी काय गं? सहज इचारून राह्यले." शिवकन्या अंगणात कोळशानं रेषा ओढून दाखवायची. सून कौसल्या दाराआड उभी राहून ऐकायची, आणि वाचन झालं की पुस्तक फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवायची. वीस वर्षं या घरात होती, पण तिचा आवाज कसा आहे हे शेजाऱ्यांना नक्की ठाऊक नव्हतं.

शनिवारी समाप्ती. पुरणाचा स्वयंपाक झाला, नारळ आला, ओसरीत पाय ठेवायला जागा नाही. कोपऱ्यात शिवकन्या घड्याळाकडं बघत बसलेली. रेवतीच्या संघाची शेवटची लढत होती. ती घरात न सांगता निघाली होती, आणि बापानं तिला एसटी स्टँडवर गाठलं.

"'उतर खालीऽ,' बाप गरजला. त्यानं तिच्या हातची पिशवी ओढून घेतलीऽ, आणि..."

तुळजाबाईंनी पान उलटलं. पुढं पुठ्ठा.

मागं बघितलं, पुढं बघितलं. पानं होती तेवढी संपली होती.

"आणि काय?" चांगुणाबाई पुढं सरकली.

"समाप्तीबिगर उठता येत न्हाई," दुर्गाबाई म्हणाली. "आन पुरण निवून राह्यलं."

तुळजाबाईंनी पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. कोऱ्या पुठ्ठ्यावर, डावीकडून उजवीकडं, बोट हळूहळू चालू लागलं.

"आणिऽ... पिशवी उचलून गाडीत ठेवली. म्हणला, जाय. बाप हाय मी तुहा, फौजदार न्हाई. पावणे काय, खेळून आल्यावर बी येतील. न्हाई आले तं त्यांचं नशीब फुटकं."

पोथीतला बाप एकाएकी परतूरचं बोलायला लागला होता. कुणी हरकत घेतली नाही.

"मंग जिंकली?"

"जिंकली तं. अकरा गुणांनी. त्यात चार बोनस."

बायांनी हात जोडले. चांगुणाबाईनं डोळे पुसले. दुर्गाबाईनं मात्र वाती बाजूला ठेवल्या. "तुळजाबाई, तुम्हीच दरसाल सांगता, ऐकल्यासारखं वागलं तरच पोथीचं फळ. शिवकन्याचा कागद कुठं हाय?"

नाही म्हणावं, तर पोथी खोटी ठरते. पोथी खोटी म्हणावी, तर मग सात दिवस काय वाचलं? तुळजाबाईंनी चारी बाजूंनी बघितलं. सात जणींनी घेरलं होतं, आणि मधली रेषा लई लांब होती.

"बद्री," त्या आत बघून म्हणाल्या, "पेन आण. जल्दी."

पावणेपाचला सही झाली. शिवकन्या कागद घेऊन अनवाणीच पळाली.

सोमवारी संघाची गाडी होती. तुळजाबाईंनी स्टेशनात जाऊन नातीची पिशवी स्वतः डब्यात ठेवली, आणि सगळी युक्ती आपलीच असल्यासारख्या चेहऱ्यानं घरी आल्या. भाकरीसाठी ज्वारीच्या पिठाच्या डब्यात हात घातला, तर बोटाला कागद लागला. फाडलेली चार पानं.

पीठ झटकून त्या तिथंच बसल्या. बोट ठेवलं. आवाज लागला.

"...'आणि रेवती मुकाट्यानं बापामागं घरी आली. पाहुणे बसलेच होते. तिनं पोह्यांच्या बशा आणल्या. निशिकांत जिंकल्याचं दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून तिला धन्य वाटलं.'"

दारात कौसल्या उभी होती.

"म्या फाडले, आत्याबाई. मी बी खो-खो खेळत व्हते, जाफराबादला. सामन्याच्या दिवशीच पावणे आल्ते. पोहे मीच आणल्ते."

"कुणाकडचे पावणे?"

"तुम्हीच आल्त्या."

तुळजाबाईंनी बोटांचं पीठ पदराला पुसलं. "तरीच," त्या म्हणाल्या, "बशी आदळल्यासारखी ठेवल्ती."

एवढ्यात भिंतीपलीकडून दुर्गाबाईचा आवाज आला. वाचन तिथपर्यंत पोचलं होतं, हे सांगायलाच नको. "तुळजाबाई, हे आताचं काई बराबर वाटंना. शनिवारचंच ऱ्हाऊ द्या, तुमचं."

"माझं कामून? पोथीतलंच व्हतं की."

"व्हय, पोथीतलंच. फक्त अकरा गुण जास्ती झाले. शेवटची लढत दोन-तीननं जिंकतात. माझा भाऊ खेळायचा."

तुळजाबाईंनी चारी पानं परत पिठात खुपसली आणि डबा सुनेकडं सरकवला.

"झाकण घट्ट लाव," त्या हळूच म्हणाल्या. "किडं लागतंय."