झिपरूच्या खांद्यातला काटा

एका जंगलात, मुलांनो, एक दारुडं अस्वल राहायचं. जंगलात दारूचं दुकान कुठून आलं, असं विचारू नका. चैत्रात मोहाची फुलं गळतात, तेवढ्यावर काम भागतं. अस्वलाचं नाव झिपरू.

झिपरू फुलं खायचा, भेटेल त्याच्या गळ्यात पडून रडायचा आणि मग त्यालाच बदडायचा. एका चैत्रात घरचीच समोर आली. बायजी, म्हणजे त्याची बायको, पोरीला घेऊन माहेरच्या डोंगरावर निघून गेली. जाताना म्हणाली, "एक चैत्र कोरडा काढ. मग येते."

झिपरूला तेच हवं होतं, अगदी मनापासून. म्हणून तो दरवर्षी व्यसनमुक्ती सप्ताहात शपथ घ्यायचा. सप्ताह समिती भरवायची, अध्यक्ष कोल्होबा. झिपरूला मंचावर उभं करायचे, हार घालायचे, सिंहमहाराजांच्या हस्ते नारळ द्यायचे. अशा बारा शपथा झाल्या. नारळही बारा.

त्याच जंगलात साळूबाई नावाची साळिंदरीण वैद्यकी करायची. मोहाची नशा चढू न देणारा पाला तिला ठाऊक होता. पण तो रोज खावा लागे, आणि नेमका फुलं गळायच्या दिवशी झिपरू विसरायचा.

साळूबाईने डोकं चालवलं. आपल्या काट्याचं टोक तिने पाल्याच्या रसात मुरवलं आणि कातडीखाली ठेवून पाहिलं. पहिलं दोन दिवसांत विरघळलं, दुसरं पंधरवड्यात. अशी सोळा टोकं तिने स्वतःच्याच पायात रुतवून पाहिली. सतरावं झिपरूच्या खांद्यात बसवलं. ते सहा महिने पुरणार होतं.

चैत्र आला. झिपरूने सवयीने ओंजळभर फुलं खाल्ली. काही झालं नाही. आणखी खाल्ली. पोट दुखलं, एवढंच. झाडाखाली बसल्या बसल्या त्याला पोरीची आठवण आली आणि तो रडला. शुद्धीत रडण्याची ही बारा वर्षांतली पहिलीच वेळ.

बायजीला निरोप गेला. पौर्णिमेला येते, असं तिने कळवलं.

सप्ताहाचा समारोपही पौर्णिमेलाच होता. कोल्होबा आदल्या दिवशी घरी आले. प्रेमाने विचारपूस केली, झिपरूचं तोंड हुंगलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. मंडप उभा आहे, महाराज येणार आहेत, आता शपथ कोण घेणार, म्हणाले.

"माझी सुटली की, कोल्होबा."

"त्याचा आम्हाला आनंदच आहे. पण सुटलेल्याने शपथ घेतली तर ती खोटी होते, आणि समिती खोटेपणा करत नाही. तू एक दिवस काटा काढून ठेव. शपथ झाली की बसव परत."

झिपरू मुळातच भिडस्त. त्याला बारा नारळ आठवले. त्याचा हात खांद्याकडे गेलाही होता.

"बारा वर्षं तुमचं ऐकलं," तो शेवटी म्हणाला. "या खेपेला बायकोचं ऐकतो."

समितीने झिपरूला कृतघ्न ठरवणारा ठराव एकमताने मंजूर केला. तरी शपथेचा प्रश्न उरलाच. अखेर संस्थेच्या हितासाठी कोल्होबांनी स्वतः फुलं खाल्ली. त्यांची शपथ इतकी मनापासून झाली, की महाराजांनी डोळे पुसले. पुढच्या वर्षी तरस चिटणीस पुढे आले. मान एकट्या अध्यक्षांनीच का घ्यावा, हे त्यांचं म्हणणं सर्वांना पटलं.

इकडे पौर्णिमेला बायजी आली. पोरीने आधी बापाचं तोंड हुंगलं. मग ती मांडीवर चढून बसली, आणि झिपरू बराच वेळ हललाच नाही.

आता दर सहा महिन्यांनी झिपरू काटा बदलायला साळूबाईकडे जातो. लवकर निघावं लागतं, कारण दारात समितीची रांग असते. त्यांना काटा नको असतो, नुसता पाला हवा असतो. रोज खायचा. म्हणजे सप्ताहाच्या दिवशी विसरता येतो.

तात्पर्य: कधीही पूर्ण बरं होऊ नये. आपल्या भल्यासाठी झटणाऱ्यांची फार गैरसोय होते, आणि मग बिचाऱ्यांना स्वतःच आजारी पडावं लागतं.