अँटेना पोराकडे तोंड करून

आमच्या घरात कशाचं तोंड कुठे असावं हे मी ठरवते. चुलीचं, पलंगाचं, नवऱ्याचं. म्हणून अँटेनाचंही मीच ठरवलं. त्यावरून गावात जे काही बोलतात ते अर्धवट ऐकून बोलतात. खरं काय झालं ते मी सांगते.

आमचा वोयिन लष्करात, तिकडे पार स्लोव्हेनियात. एकदा त्याचा फोन आला, "आई, रविवारी दुपारी गावचा रेडिओ लाव. तुझ्या वाढदिवसाचा निरोप पाठवलाय." आमच्याकडे बारसं असो, लग्न असो, रविवारी त्याचे निरोप रेडिओवर वाचतात, मागून गाणं लावतात आणि अख्खं गाव जेवता जेवता ऐकतं. पोरगं गेल्यापासून घर मुकं झालं होतं. (नवरा बोलतो, पण ते मी धरत नाही.) मला त्या निरोपाचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकायचा होता.

माझ्या नवऱ्याकडे, स्रेतेनकडे, स्पीकर भारी, अ‍ॅम्प्लिफायर भारी. पण स्टेशन पकडणारा ट्यूनर कोणता घ्यावा यावर तो वर्षभर मासिकं वाचत बसलेला. मी उठले आणि दुकानात गेले.

"कोणतं स्टेशन ऐकणार, ताई?" दुकानदाराने विचारलं.

"तुला काय करायचंय? ज्याचा काटा ताठ उभा राहतो आणि लाल दिवा लागतो, तो ट्यूनर दे. आणि अँटेना सगळ्यात लांब."

"लांब अँटेना एकाच बाजूचं ऐकते हो. पाठीमागचं तिच्या कानावर येत नाही."

"माझा नवरा दोन्ही बाजूंचं ऐकत नाही. त्याला सांभाळलं, हिलाही सांभाळीन."

शनिवारी स्रेतेन छपरावर चढला. हातात माशाच्या भल्यामोठ्या काट्यासारखी ती अँटेना. खालून मी.

"पूर्वेला करतो," तो म्हणाला. "स्टेशनचा मनोरा तिकडे आहे."

"वोयिन कुठे आहे?"

"पश्चिमेला."

"मग?"

"अगं बाई, निरोप पोस्टाने आलाय! वाचणारी इथली, मायक्रोफोन इथला!"

"पण निरोप कुणाचा? माझ्या पोराचा. पोरगं पश्चिमेला. फिरव!"

त्याने फिरवली. (आमचा संसार उगीच नाही टिकला.)

रविवारी मी सगळा गोतावळा जेवायला बोलावला. शेजारची माझी जाऊ कोसाना तेवढी आली नाही. म्हणे, माझा ट्रान्झिस्टर मला पुरे. त्याची तुटलेली अँटेनाची कांडी काढून तिने विणकामाची सुई खोचली आहे! मी सूप वाढलं, खसखस भरलेलं गोड श्ट्रुडल कापलं आणि ट्यूनर लावला. काटा ताठ. दिवा लाल. आवाज तर असा, की बोलणाऱ्याने आवंढा गिळलेला कळावा.

बोलणारा डुकरांच्या खोकल्यावर बोलत होता.

"हे पश्चिमेकडचं मोठं स्टेशन," स्रेतेन सुपात बघत म्हणाला. "आपलं चिमणीएवढं, ट्यूनरच्या पट्टीवर त्याच्या शेजारीच असतं. ते या गड्याखाली चिरडलं."

"गप्प बस. डुकरं झाली की वोयिन येईल."

डुकरं झाली, कोंबड्या आल्या. तेवढ्यात दारात कोसाना, डोळे पुसत. "दारिंका, काय गं गुणाचं तुझं पोर! किती गोड लिहिलंय!"

"काय लिहिलंय?"

"सांगता येईना गं, मला रडूच फुटलं."

माझ्या पोराच्या निरोपावर हिने रडायचं आणि मी कोंबड्या ऐकायच्या? मी एप्रनसकट सायकलवर बसले ती थेट रेडिओ स्टेशनवर. स्टुडिओच्या दारावर लाल दिवा लागलेला. लाल दिवा म्हणजे सगळं ठीक, एवढं मला ट्यूनरने शिकवलंच होतं. मी आत घुसले.

निवेदिका पोरगी ओठांवर बोट ठेवून डोळे मोठे करायला लागली.

"बोट काय दाखवतेस? वोयिनचा निरोप परत वाच! माझा नवरा छपरावर लटपटत उभा राहिला तो डुकरांसाठी? आणि ती कोसाना, जिचं श्ट्रुडल कुत्रं हुंगून सोडतं, तिने आधी ऐकायचं?"

पोरीने कागद उचलला आणि घाबऱ्या आवाजात वाचलं, "प्रिय आई, इथला सार्जंट सकाळ-संध्याकाळ ओरडतो, पण तुझी सर त्याला नाही. त्याच्या ओरडण्याने नुसती जाग येते, तुझ्या ओरडण्याने घरी असल्यासारखं वाटायचं. वाढदिवसाला तुला खूप खूप पापे. तुझा वोयिन."

मी एप्रनने नाक पुसलं, तेही जोरात.

घरी आले तर सगळे खुर्च्यांवर टेकून, पोट धरून हसत बसलेले. स्रेतेनच्या केसांत छपरावरचं शेवाळ. मी गेल्या गेल्या त्याने अँटेना पूर्वेला फिरवली होती.

"ऐकू आलं?" मी विचारलं.

"तू स्टुडिओत घुसल्यापासून सगळं. नाक पुसलंस तेसुद्धा," तो म्हणाला. "आवाज इतका स्वच्छ, की जणू तू खोलीतच. फक्त एक सोय जास्त होती."

"कसली?"

"बटण. तुझा आवाज आज पहिल्यांदा मला कमी करता आला."