आर्विदरावांचा ऑक्टोबरी नाताळ

नाताळची खरेदी ऑक्टोबरातच उरकून टाकायची, असं आर्विदरावांनी ठरवलं तेव्हा बाहेर लोक अजून जंगलात अळंबी वेचत होते. ठरवायला काय, आर्विदरावांनी आयुष्यात ठरवण्यापलीकडे फारसं काही केलेलंच नव्हतं. पण या खेपेला त्यांनी ठरवलेलं तडीस नेलं, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

मूळ दुखणं होतं जुलैचं. सासूबाई गुनवोर यांचं समुद्रकाठी एक लाकडी घर होतं. स्वतः त्या वर उत्तरेला राहत आणि वर्षातून एकदा, नाताळला, लेकींकडे नॉर्शॉपिंगला येत. समुद्रकाठच्या घरी मात्र जात नसत. "लेकीजावयांच्या मध्ये माझी अडचण कशाला?" म्हणत. पण उन्हाळ्यात ते घर कुणाला कधी मिळणार, हे नाताळच्या जेवणानंतर कॉफी पिताना त्याच जाहीर करत. आणि जुलै दरवर्षी मिळे तो धाकट्या जावयाला, म्हणजे आर्विदरावांचे साडू रुने यांना. आर्विदरावांच्या वाट्याला सप्टेंबर. सप्टेंबरात तिथं पाऊस, गारठा आणि न वाळणारे मोजे याखेरीज काही नसतं.

"त्या रुनेत आहे काय एवढं?" आर्विदराव बायकोला विचारत. "नाताळची खरेदी करतो कधी, तर त्याच दिवशी सकाळी! कुठे, तर पेट्रोल पंपावर! गेल्या वर्षी आईंना काय दिलं? गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचं खोरं! आईंकडे गाडी तरी आहे का?"

"पण आई किती हसली!" सिग्ने म्हणाली.

"हसण्यावर घरं वाटतात का? माणसाचं नियोजन बघायला नको?"

या वर्षी नाताळचं जेवण आर्विदरावांकडे होतं. त्यामुळे नियोजन सासूबाईंच्या डोळ्यांत भरेल आणि जुलै आपल्या पदरात पडेल, असा त्यांचा हिशेब. ऑक्टोबरात त्यांनी हॅम आणून फ्रीझरात टाकलं. मुरवलेल्या हेरिंग माशाच्या बरण्या, मोहरीची चटणी, आल्याच्या बिस्किटांचे डबे, खिरीचे तांदूळ, चॉकलेटं, शिवाय मोजे, साबण, मेणबत्त्या असल्या बारीकसारीक भेटी, सगळं घरात आलं. शेजारीण मशरूमची टोपली घेऊन जाताना म्हणाली, "पाहुणे लवकर येताहेत वाटतं?" आर्विदरावांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. डिसेंबरात ही बाई रांगेत घामाघूम उभी असेल आणि आपण घरात पाय पसरून बसलेले असू, या कल्पनेनं त्यांना फार बरं वाटलं. (बरं वाटायला त्यांना दुसऱ्याचे हाल लागत.)

पुढे एक अडचण आली. घरात खाऊ दिसला की घरातली माणसं तो खातात. बिस्किटांचा एक डबा सिग्नेनं चहाबरोबर संपवला. बदामाच्या लगद्याचं गुलाबी डुक्कर आर्विदरावांनी स्वतः खाल्लं (ते ताजं आहे का, हे बघायला), आणि मग त्याचीही बोलणी सिग्नेलाच बसली. शेवटी आर्विदरावांनी तोडगा काढला. भेटवस्तूंसारखंच वाणसामानही त्यांनी लाल कागदात बांधलं आणि वर लाखेचा शिक्का मारला. शिक्का फोडून खायची कुणाची छाती होणार!

आता, तिकडच्या रिवाजाप्रमाणे नाताळचा लाल पुडा म्हटला की त्यावर दोन-चार ओळींचं यमक आलंच. आत काय आहे ते सुचवायचं, पण सांगायचं नाही, हीच तर सगळी गंमत. ऑफिसात आर्विदरावांनी जन्मभर नळजोडण्यांच्या मंजुऱ्या लिहिल्या होत्या. ती सगळी दाबून ठेवलेली प्रतिभा आता मोकाट सुटली. मोज्यांवर यमक, साबणावर यमक, मोहरीवर यमक, माशावर यमक! कुणाचं नाव मात्र एकाही पुड्यावर नाही.

"अरे, नावं तरी घाल," सिग्ने म्हणाली.

"नाव घातलं तर काव्य कशाला? वाचलं की कळलंच पाहिजे!"

नाताळची सकाळ उजाडली. हॅम भट्टीत गेलं आणि स्वयंपाकघरातून हाक आली, "आर्विद, मोहरीची चटणी दे!"

आर्विदराव ऐटीत कपाटाशी गेले. दार उघडलं. आत वरपासून खालपर्यंत लालच लाल पुडे. त्यांनी एक उचलून वाचला:

*उंच ना ठेंगणा, गोरा ना काळा,*
*हिवाळ्यात हवा, उन्हाळ्यात टाळा.*

"हे काय असेल गं?" त्यांनी विचारलं.

"मला काय विचारतोस? लिहिलंस तू!"

"लिहिलं ऑक्टोबरात. तेव्हा माहीत होतं."

"हलवून बघ!"

हलवलं. आवाज आला नाही. फोडला, मोजे निघाले. दुसऱ्यातून साबण निघाला. तिसऱ्यावर तर इतकं गहन काव्य होतं की आर्विदराव क्षणभर स्वतःवरच खूश झाले. त्यातून पुन्हा मोजे.

"अरे, आई येईल आता! सरक बाजूला!" म्हणत सिग्ने पुढे सरसावली, आणि दोघांनी मिळून लांडग्यांसारखे पुडे फाडले. चटणी सापडली, हेरिंगची बरणी सापडली, तांदूळ सापडले. पण आता जमिनीवर सगळ्या भेटी उघड्यावाघड्या पडलेल्या, आणि घरात नवा कागद म्हणून नाही. (ऑक्टोबरात सगळा वापरून संपवलेला. नियोजन!) दुकानं बंद. मग जो धड कागद हाती येईल त्यात जी वस्तू हाती येईल ती गुंडाळली, वर पुन्हा लाख ओतली, आणि शेवटचा पुडा झाडाखाली जातो न जातो तोच घंटी वाजली.

जेवण मात्र झकास झालं. सासूबाईंनी हेरिंग दोनदा घेतला. "चटणी छान आहे हं," असंही म्हणाल्या. आर्विदरावांना कानांत समुद्राची गाज ऐकू यायला लागली. रुने सवयीप्रमाणे पेट्रोल पंपावरून आला होता. मेहुणी यिल्वानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याच्या डोक्यावर लाल टोपी चढवली आणि पुडे वाटायचं काम त्याच्याकडे दिलं.

रुनेनं पहिलाच पुडा उचलला, घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात वाचला:

*जुनी, मुरलेली, आंबट फार,*
*तोंड उघडलं की पळतं घरदार;*
*वर्षातून एकदाच घरी येते,*
*सगळ्यांच्या आधी टेबल अडवते.*

यिल्वानं रुमाल तोंडाशी नेला.

"नाव नाहीये," रुने पुडा उलटासुलटा करत म्हणाला. "कुणाचं असेल बरं?"

सगळ्यांचे डोळे ज्या एका खुर्चीकडे वळले, तिथून हात पुढे आला.

"दे इकडे," सासूबाई म्हणाल्या. "माझंच दिसतंय."

"आई, नाही! थांबा!" आर्विदराव ओरडले. "ते माशावर आहे!"

"कशावर?"

"हेरिंगच्या बरणीवर! मुरलेली असते ना ती... आणि तोंड म्हणजे बरणीचं तोंड, आई!"

सासूबाईंनी शांतपणे लाख फोडली. आतून निघालं टाचांच्या भेगांचं मलम.

"मासा दिसत नाही यात," त्या म्हणाल्या.

"मासा तुम्ही खाल्लात!"

"म्हणजे खाणंही काढलंस?"

सिग्नेनं कपाळावर हात मारला. यिल्वा तोंडात रुमाल कोंबून स्वयंपाकघरात पळाली, आणि तिथून तिच्या खिंकाळण्याचे आवाज बाहेर येत राहिले. आर्विदराव यमकाचं संदर्भासह स्पष्टीकरण देऊ लागले. टेबल अडवते म्हणजे बरणी सगळ्यांत आधी टेबलावर येते, पळतं घरदार म्हणजे वासानं. जितकं सांगावं तितकं चिघळत गेलं, तरी ते थांबेनात. शेवटी सिग्नेनं त्यांना कॉफी करायला पाठवलं.

कॉफी आली. आर्विदराव आपल्या कपात बघत बसले. जुलै तर गेलाच होता. आता सप्टेंबर तरी राहतो की नोव्हेंबरात पाठवतात, एवढंच बघायचं होतं. सासूबाईंनी कप खाली ठेवला.

"समुद्रकाठच्या घराचं ठरवलंय मी," त्या म्हणाल्या. "जुलै आर्विदला. अख्खा."

आर्विदरावांचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. ते उठले, बसले, पुन्हा उठले. "आई!" त्यांना गहिवरून आलं. "मला माहीत होतं, तुम्ही मनाला लावून घेणार नाही! नियोजन शेवटी तुम्हीच ओळखलंत!"

"ओळखलं ना. म्हणून मीसुद्धा येणार तुमच्याबरोबर," सासूबाई मलमाचं झाकण फिरवून बघत म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. वर्षातून एकदाच येते, ही तुझी तक्रार नको राहायला."

आर्विदराव 'सप्टेंबर' म्हणायला तोंड उघडतात न उघडतात, तोच रुने घाईघाईनं म्हणाला, "आई, सप्टेंबर आम्ही घेतो!"